न उसवता बदललेला तुकडा

१

आमच्या घरात आरडाओरडा करायचं खातं माझ्याकडे आहे. सासूबाईंचा आवाज कधी चढत नाही. काही खटकलं तर त्या सुई थांबवतात आणि चष्म्यावरून बघतात, तेवढं पुरतं. म्हणून त्या सकाळी गच्चीवरून त्यांची हाक आली तेव्हा माझ्या हातातलं पातेलंच निसटलं.

"धाकटे! आधी वर ये!"

गच्चीत दोरीवर भिंगरीची गोधडी वाळत होती. भिंगरी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची एकुलती एक लेक, पायाला भिंगरी बांधल्यासारखी सतत हिंडणारी. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघणार होती. आमच्यातलं कोणी लांब राहायला निघालं की सासूबाई त्याला गोधडी शिवून देतात. त्यांच्या सासूबाई देत असत, आणि त्यांच्याही सासूबाई.

गोधडीचा नियम एकच आहे, पण कडक. घरातल्या प्रत्येकाने आपल्या वापरातल्या कपड्यातला तुकडा द्यायचा. टाकून दिलेला कपडा चालत नाही आणि कोरं कापड तर नाहीच नाही. अंगावरचं हवं. त्यामुळे गोधडी शिवायला घेतली की घरात कोणी एका बाहीने हिंडतं, कोणाचा गाऊन रातोरात आखूड होतो. पाहुण्यांना वाटतं, आमच्याकडे उंदीर झालेत.

मोठे दीर तीन वर्षांमागे गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. भिंगरीने आजीकडे एवढंच मागितलं होतं, "बाबांचा तुकडा मधोमध लाव. बाबा माझ्याबरोबर आले पाहिजेत." म्हणून गोधडीच्या मध्यभागी त्यांच्या निळ्या, बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या शर्टाचा तुकडा होता.

सासूबाईंचं बोट त्याच तुकड्यावर होतं. बाकी सगळी गोधडी कशी सपाट होती, आणि तो एक तुकडा चुण्या पडून आक्रसला होता.

"वापरातलं कापड पाण्यात आटत नाही," त्या म्हणाल्या. "जे आटायचं ते कधीच आटून झालेलं असतं. हे कोरं आहे. माझ्या मुलाचा तुकडा कोणीतरी काढून घेतला आणि त्या जागी हे लावलं."

मग त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. गोधडी आदल्या दिवशी मीच धुतली होती.

२

मी नणंदेला फोन केला. वन्सं विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतात. गोदाम जळलं की जाळलं, हे त्या राखेत काठी फिरवून सांगतात. घरात त्यांना सगळे शंकासूर म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्या आल्या, चहा घेतला आणि सरळ आईच्या खोलीत शिरल्या.

ती खोली एकदा बघावीच. एका वेळी एकच गोधडी शिवणं सासूबाईंना जमत नाही. "एकीचा कंटाळा आला की दुसरीकडे जाते," असं त्या म्हणतात, जशा काही मैत्रिणीच. खिडकीशी समोरच्यांच्या बाळाची इवलीशी दुपट्याएवढी गोधडी पडलेली असते, तिचे टाके इतके बारीक की सुईलाच लाज वाटावी. पलंगावर भिंगरीच्या शाळेच्या गणवेशांची गोधडी आहे. ती अर्धी झाली आणि गणवेश संपले. आणि कोपऱ्यात कफांची. दर शर्टाचे कफ आधी विरतात, ते कापून त्या त्यात जोडत जातात. ती माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे आणि तिचा शेवट कोणीच विचारत नाही. मी स्वतः बटणसुद्धा धड लावत नाही, पण त्या खोलीत गेलं की मला या बाईचा हेवा वाटतो, हे कबूल करते.

भिंगरी प्रवासाची खरेदी करायला बाहेर गेली होती. ती संध्याकाळी यायची होती.

"तिला यातलं काही कळता कामा नये," सासूबाई म्हणाल्या. "ती यायच्या आत माझ्या मुलाचा तुकडा मला परत हवा."

"बघते," वन्सं म्हणाल्या. "गोधडीजवळ कोण कोण होतं?"

"शिवून झाल्यापासून ती माझ्या उशाशी होती. काल धुवायला धाकटीकडे दिली. मग गच्चीवर."

खोलीच्या दारात जाऊबाई उभ्या होत्या. मोठ्या दिरांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवतात, बोलणं मोजकं. आम्ही सगळे पंख्याखाली वारा खात होतो आणि त्यांनी स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. अंगात कणकण आहे, म्हणाल्या.

"धाकटी असं करणार नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

मला बरं वाटलं. पण वन्सं त्या गेल्या त्या दिशेला जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"चल, तुझ्यापासूनच सुरुवात करू."

३

माझी उलटतपासणी चांगलीच झाली. पाणी गरम होतं का? नव्हतं. साबण कुठला? नेहमीचाच. धुताना तो तुकडा सपाट होता का? आता मी गोधडी धुते, तिची मुलाखत घेत नाही. पण आठवून सांगितलं, की भिजवायच्या आधी सपाट होता.

"म्हणजे तू बदलला असशील तर धुवायच्या आधी."

"वन्सं, मला सुईत दोरा ओवायला चार माणसं लागतात."

"ते माहीत आहे. म्हणूनच तू सुटलीस," त्या म्हणाल्या. अब्रू वाचली ती अडाणीपणामुळे, पण वाचली.

पुढची पाळी बुटीकवालीची. आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं दुकान आहे आणि दुपारी ती सासूबाईंकडे गोधडी शिकायला येते. त्या निळ्या ठिपक्यांवर तिचा पहिल्यापासून डोळा होता. असं छापील कापड आता कुठे मिळत नाही, असं तिने माझ्यासमोर दोनदा म्हटलं होतं. आणि काल गोधडी वाळत असताना ती गच्चीवर गेली होती.

"गेले होते," तिने सरळ सांगितलं. "फोटो काढला. हा बघा."

फोटोत तुकडा आक्रसलेलाच होता.

"तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं, म्हाताऱ्या बाईंना कसं सांगू. शिष्येने गुरूच्या कामातली खोट काढायची म्हणजे..." ती ओशाळली. "आणि ताई, मला चोरायचंच असतं तर मी ती कफांची गोधडी पळवली असती. त्या एका गोधडीत अख्खं घर हात वर करून उभं आहे."

वन्सं हसल्या. त्यांनी तिचं नाव मनातून खोडलं, ते मला दिसलं.

राहिले आमचे हे. यांचं घड्याळदुरुस्तीचं काम. बारीक चिमटे, बारीक कात्र्या, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं हाताशी. शिवाय भावावर जीव. वन्संनी विषय काढला मात्र, यांचे कान लाल झाले.

"मी काही केलं नाही."

"मग घाम कसला पुसतोयस?"

"सांगतो. पण हिच्यासमोर नको."

"मी कुठेही जाणार नाही," मी म्हणाले. खाई त्याला खवखवे, मला आता ऐकायचंच होतं.

यांनी मान खाली घातली. "गोधडीला मी जो चौकड्यांचा तुकडा दिला ना, तो माझ्या आवडत्या शर्टाचा म्हणून दिला. तो आवडता नव्हता. हिच्या आईने दिलेल्या शर्टाचा होता. म्हटलं, तेवढाच तो एकदाचा सुटेल."

मी यांच्याशी त्या दिवसापुरतं बोलणं बंद केलं. पण यांच्या त्या कबुलीने वन्सं एकदम ताठ बसल्या. "नियमात बसणारा तुकडा दिला असं सांगायचं आणि दुसराच द्यायचा," त्या पुटपुटल्या. "हे या घरात होऊ शकतं तर!"

त्या उठल्या आणि यांचं भिंग घेऊन गोधडीकडे गेल्या.

४

वन्संनी गोधडी खिडकीशी पसरली आणि मला शेजारी बसवलं.

"आईची शिवायची रीत तुला माहीत आहे?"

तेवढं मला माहीत होतं. वरचे तुकडे, मधले थर आणि खालचं अस्तर हे सगळं धावदोऱ्याने एकत्र शिवलं जातं. आमच्या घराण्यात एक ओळ म्हणजे एक दोरा, या काठापासून त्या काठापर्यंत. दोरा मध्ये संपला तर सासूबाई गाठ मारून पुढे जात नाहीत, अख्खी ओळ काढून पुन्हा घालतात.

"मग हे बघ. ही ओळ काठापासून निघाली. तुझ्या गाऊनवरून आली, निळ्या तुकड्यावरून गेली, या चौकड्यांवरून पलीकडच्या काठाला पोचली. मध्ये जोड नाही. अशा सगळ्या ओळी. निळा तुकडा काढायचा तर या सगळ्या ओळी काठापर्यंत उसवायला हव्यात."

"उसवून पुन्हा घातल्या असतील."

"मग शेजारच्या तुकड्यांवर सुईची जुनी भोकं दिसली असती. एकही नाही. आणि वर दुसरा तुकडा चिकटवला म्हणावं, तर खाली काही नाही, मी चाचपून पाहिलं. ही गोधडी शिवल्यापासून कोणीही उसवलेली नाही."

मी वाकून त्या ओळी पाहिल्या. "उसवली नाही, मग तुकडा बदलला कसा?"

"बदललाच नाही," वन्सं म्हणाल्या.

सासूबाई दुपटं शिवत बसल्या होत्या. त्यांची सुई थांबली.

"आई, हा तुकडा तुझ्या हातात कोणी दिला?"

"थोरलीने. कापून, इस्त्री करून आणून दिला."

"रंग एवढा गडद कसा, हे विचारलं नाहीस?"

"विचारलं. खिशामागचा आहे म्हणाली. खिशाखाली ऊन लागत नाही, रंग टिकतो. बरोबरच आहे ते."

वन्संनी त्या निळ्या तुकड्यावर आपला पंजा ताणून ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत तुकडा पुरून उरला. "आटल्यावरसुद्धा वीतभर आहे. शर्टाचा खिसा एवढा असता तर दादा त्यात कपाट घेऊन हिंडला असता."

सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आई, प्रत्येक तुकडा तू चिमटीत धरून चोळून बघतेस. कोरं कापड तुला डोळे मिटूनही कळतं. हा चोळून पाहिला होतास?"

बराच वेळ त्या दुपट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"नाही," शेवटी म्हणाल्या. "तेवढा एकच नाही पाहिला. वाटलं, बोटांना त्याची ओळख पटली तर मला शिवता येणार नाही."

५

जाऊबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या टेबलाशी नुसत्याच बसल्या होत्या. खोलीत उकडत होतं आणि स्वेटर तसाच गळ्यापर्यंत.

मला वाटलं वन्सं आता दाव्याच्या फायलीसारखा एकेक मुद्दा उलगडतील. पण त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला फार गरम होत असेल. काढा ना तो स्वेटर. मी कोणाला काही म्हणणार नाही."

जाऊबाईंनी एकेक बटण सोडलं. आत निळ्या ठिपक्यांचा शर्ट होता. रंग इतका उडाला होता की ठिपके शोधावे लागत होते. बाह्या दुमडून कोपरापर्यंत घेतल्या होत्या. शर्ट पूर्ण होता, कुठेही कात्री लागलेली नव्हती.

"शाळेतून आले की घालते," त्या म्हणाल्या. "रोज. तीन वर्षं झाली. तुम्ही कोणी पाहू नये म्हणून वरून काहीतरी चढवते. आईंनी तुकडा मागितला तेव्हा दोनदा कात्री घेऊन बसले. मागची बाजू कापावी म्हटलं, तर ते पाठमोरे चाललेत असं दिसायचं. पुढची तर नाहीच. मग आठवलं, शिंप्याने शिवून दिला तेव्हा उरलेलं कापड परत केलं होतं. ते तसंच पडून होतं. एकाच थानातलं कापड, एकच छाप. मला वाटलं, काय फरक पडतो?"

"आटेल हे लक्षात नाही आलं?"

"इतकी वर्षं या घरात आहे आणि नाही आलं. मी कधी शिवलंच नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यावर आळ आला तेव्हाच बोलायला हवं होतं. सकाळपासून शब्द ओठावर येतोय आणि गिळतेय. पण बोलले असते तर शर्ट द्यावा लागला असता. आणि भिंगरी बाबांना मागतेय, तिला मी फसवलं. तिला तरी काय तोंड दाखवू?"

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या विटक्या कॉलरकडे पाहिलं आणि तो काही टिकला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी आम्ही सकाळपासून चोर शोधत होतो, आणि चोरीला गेलेली वस्तू आमच्यातच उठत बसत होती.

दार करकरलं. सासूबाई आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे उघड होतं. त्यांच्या हातात मोठी कात्री होती.

६

जाऊबाईंनी दोन्ही हातांनी कॉलर घट्ट धरली. "आई, नका."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कापला असता."

"कापलाच असता," सासूबाई म्हणाल्या. "कात्री हातात आली की मला माणूस दिसत नाही, कापड दिसतं. म्हणून तर इतके जण गेल्यावरही मी उभी आहे. माझ्या नवऱ्याच्या कोटाच्या मी गोधड्या केल्या. तुझ्यासारखं अंगात घालून बसायचं धाडस मला नाही झालं." मग त्यांनी हात पुढे केला. "दे. विश्वास ठेव माझ्यावर."

जाऊबाई कपाटाआड गेल्या आणि दुसरा कपडा घालून आल्या. शर्ट त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला, पण एक बाही बराच वेळ सोडली नाही.

सासूबाईंनी शर्ट उलटा केला आणि खांद्यावरची आडवी पट्टी आम्हाला दाखवली. मला वाटायचं ते एकच कापड असतं. नसतं. शर्टाच्या खांद्यावर दोन थर असतात, एक वरचा, जगाला दिसणारा, आणि एक आतला, अंगाला लागणारा. आतला काढला तर बाहेरून कोणाला पत्ताही लागत नाही.

"शर्ट तुझाच राहील," त्या म्हणाल्या. "आतलं नातीला देऊ."

मग त्या कामाला बसल्या, आणि मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात सुंदर काम त्या दुपारी पाहिलं. सुईच्या टोकाने त्यांनी खांद्याची शिवण एकेक टाका उचलून सोडवली. नुसतं उसवणं इतक्या प्रेमाने करता येतं हे मला माहीत नव्हतं. आतली पट्टी मोकळी झाली, तशी मधोमध कापून दोन्ही भाग एकमेकांखाली जोडले. मोठी कात्री लागली ती तेवढ्यापुरती. मग त्यांनी भिंगरीच्या गोधडीवरच्या आपल्याच अखंड ओळी तोडल्या. हूं की चूं केलं नाही. आक्रसलेला कोरा तुकडा सुटला, तो त्यांनी झटकला, इस्त्री केली आणि शर्टाच्या खांद्याच्या मापाने कापून जोडायला घेतला.

"हे लावतेयस?" वन्सं म्हणाल्या.

"आता आटून झालंय ते. आता शर्टाच्या आत नीट बसेल. खांदा पातळ झालाय, त्याला आधार होईल." शर्ट पुरा करून त्यांनी जाऊबाईंच्या मांडीवर ठेवला. मग गोधडीच्या ओळी परत घातल्या, काठापासून काठापर्यंत. दोरे मी ओवून दिले. तीन चुकले, पण त्या रागावल्या नाहीत.

शेवटच्या ओळी राहिल्या होत्या तेवढ्यात भिंगरी आली, दोन्ही हातांत पिशव्या. वन्संनी मला डोळ्याने खुणावलं, की आता कोणी काही बोलू नका. पण जाऊबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच लेकीला सगळं सांगितलं, काही न वगळता. "बाबा म्हणून मी तुला कोरं कापड देणार होते," असं स्पष्ट म्हणाल्या.

भिंगरीने पिशव्या खाली ठेवल्या. आईकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि गोधडीशी बसून त्या नव्या तुकड्यावर हात फिरवला.

"ही बाजू एवढी विरलेली का आहे?"

डाव्या खांद्याकडचा भाग होता तो. तिथे कापड इतकं झिरझिरीत झालं होतं की मधला थर दिसत होता.

"तुला खांद्यावर घेऊन घेऊन," सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो आई," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्या दप्तराने. शाळेत न्यायचे, आणायचे. दहावीपर्यंत हिने स्वतःचं दप्तर कधी उचललं का? मी ओरडायची, तर म्हणायचे, पुढे आयुष्यभर तिलाच उचलायचंय, आता राहू दे."

भिंगरीने त्या विरलेल्या जागेवर गाल टेकला आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, मोठमोठ्याने. जाऊबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. वन्संनी भिंग पुसायला घेतलं, त्याला काही झालं नव्हतं तरी.

"पुरे आता," सासूबाई म्हणाल्या. "रडायचं तर तिकडे बसून रड. दोरा भिजला की फुगतो, मग ओळ सरळ येत नाही."

एवढं बोलल्या, सुई उचलली आणि त्यांना पुढचा टाका दिसेना. मुलगा गेला त्या दिवशीसुद्धा आम्ही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली, आणि आम्ही सगळ्या त्यांच्या जवळ सरकून बसलो.